थंडरबर्ड आठ महिने वापरल्यावर: पासवर्ड परत परत का विचारतो?

"ताई, परत विचारतोय." एप्रिल आणि मे महिन्यात आमच्या ऑफिसात हे वाक्य दिवसातून दहा वेळा तरी ऐकू यायचं. विचारणारा थंडरबर्ड, म्हणजे कॉम्प्युटरवर ईमेल बघायचा-पाठवायचा प्रोग्रॅम, आणि मागायचा पासवर्ड. तोही जो आम्हाला पाठ होता तोच. कधी पहिल्या फटक्यात घ्यायचा, कधी तासभर काही केल्या घ्यायचा नाही.

मी करसल्लागार आहे, ऑफिस कराडला. आम्ही तिघी, कॉम्प्युटर तीन, ईमेल पत्तेही तीन: दोन जीमेलचे आणि एक आमच्या स्वतःच्या डोमेनवरचा. ११ तारखेला जीएसटीआर-१, २० तारखेला ३बी, ही जीएसटीची रिटर्न भरायची असतात, त्यामुळे त्या आधीचे चार दिवस पक्षकारांची बिलं ईमेलवर धो धो येत असतात. नोव्हेंबरात मी सगळ्या कॉम्प्युटरवर थंडरबर्ड टाकला, कारण तिन्ही पत्त्यांची टपाल एका जागी दिसते, प्रत्येक पक्षकाराचा फोल्डर करून फिल्टर लावता येतो आणि पैसे पडत नाहीत. जुना ईमेल शोधायला तर याच्यासारखं सोयीचं मला काही मिळालेलं नाही. इंटरनेट गेलेलं असतानाही गेल्या वर्षीची नोटीस कॉम्प्युटरवर सापडते.

सुरुवातीला अडलं ते जीमेलवर, पण ते एका दुपारी सुटलं. जुन्या कॉम्प्युटरवरचं प्रोफाइल, म्हणजे थंडरबर्डच्या सगळ्या सेटिंग्ज आणि ईमेल, मी जसंच्या तसं नव्यावर उचलून आणलं होतं, आणि त्यात ऑथेंटिकेशनची (ओळख पटवायची) पद्धत 'नॉर्मल पासवर्ड' अशीच राहिली होती. गुगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी नुसत्या खात्याच्या पासवर्डने बाहेरच्या प्रोग्रॅमला आत घेणं बंद केलंय. म्हणजे पासवर्ड कितीही बरोबर असला तरी नकारच. अकाउंट सेटिंग्जमध्ये जाऊन तिथे 'ओऑथ२' (प्रोग्रॅमला पासवर्ड न देता थेट गुगलकडून परवानगी घ्यायची पद्धत) निवडलं की गुगलचं स्वतःचं लॉगिनचं पान उघडतं, तिथे परवानगी द्यायची. ते पान उघडायला थंडरबर्डमध्ये कुकीज (वेबसाइट ठेवते त्या छोट्या नोंदी) चालू असाव्या लागतात, हेही लक्षात ठेवा.

हा बदल मात्र दोन जागी करावा लागतो. येणाऱ्या टपालाचा सर्व्हर वेगळा, जाणाऱ्याचा वेगळा. मी पहिलीच जागा बदलली होती, म्हणून ईमेल यायचे छान, आणि पाठवायला गेलं की पासवर्ड मागणारी विंडो हजर. त्या विंडोत सर्व्हरचं नाव लिहिलेलं असतं. नावाच्या सुरुवातीला 'आयमॅप' असेल तर येणारं अडलंय, 'एसएमटीपी' असेल तर जाणारं. पासवर्ड टाकायच्या आधी ते नाव वाचायचं, ही सवय मी दोघींना लावली.

प्रिंटरचा एक मुद्दा इथेच सांगते. आमचा प्रिंटर कागद स्कॅन करून थेट ईमेल करतो, पण त्याला ओऑथ कळत नाही. त्याच्यासाठी गुगलकडून १६ अक्षरी अ‍ॅप पासवर्ड, म्हणजे अशा एखाद्या यंत्रापुरता वेगळा पासवर्ड, काढावा लागला. तो मिळण्यासाठी खात्यावर टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू असावं लागतं, आणि गुगलचा मुख्य पासवर्ड बदलला की आधीचे अ‍ॅप पासवर्ड रद्द होतात.

खरा छळ झाला तो डोमेनच्या पत्त्याचा. मार्चअखेर एक मुलगी नोकरी सोडून गेली, म्हणून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी पासवर्ड बदलला. तिन्ही कॉम्प्युटरवर नवा टाकला आणि दुसऱ्या दिवसापासून विंडो सुरू झाली: लॉगिन फेल्ड, खाली तीन बटणं, 'रीट्राय', 'एंटर न्यू पासवर्ड', 'कॅन्सल'. आम्ही निमूटपणे टाकत राहिलो. सेटिंग्जमधल्या 'सेव्ह्ड पासवर्ड्स'मध्ये जाऊन आयमॅप आणि एसएमटीपी, दोन्ही जुन्या नोंदी पुसल्या. युजरनेममध्ये पूर्ण पत्ता आहे ना, येणाऱ्याला पोर्ट ९९३ आणि जाणाऱ्याला ४६५ आहे ना, सगळं तपासलं. सगळं बरोबर, आणि तरी नकार. होस्टिंगवाल्यांना, म्हणजे आमच्या डोमेनचा ईमेल सर्व्हर चालवणाऱ्यांना, फोन केला तर, "मॅडम, आमच्याकडून सगळं ओके आहे."

२० मेच्या आदल्या रात्री मी लॅपटॉप घरी नेला. घरी टपाल घडाघडा आली. सकाळी ऑफिसात परत नकार. मोबाइलचा हॉटस्पॉट लावला, परत चालू! तेव्हा कुठे डोक्यात आलं की भांडण पासवर्डचं नाही, ऑफिसच्या इंटरनेटचं आहे. होस्टिंगवाल्यांना परत फोन लावला. या वेळी दुसरा मुलगा होता, त्याने सर्व्हरचा लॉग (कोण कधी लॉगिन करायला बघतंय त्याची नोंद) उघडून बघितला आणि विचारलं, "मॅडम, तुमच्याकडे अजून एखादा मोबाइल जोडलाय का?"

जोडला होता. पक्षकारांचे ओटीपी यायला आम्ही एक जुना फोन ठेवलाय, प्रिंटरशेजारी कायम चार्जिंगला. त्यात कधीतरी हाच ईमेल पत्ता टाकलेला होता आणि तो बिचारा दर थोड्या वेळाने जुनाच पासवर्ड घेऊन सर्व्हरचं दार ठोठावत होता. चुकीचे प्रयत्न वाढले की सर्व्हर तो आयपी, म्हणजे त्या जोडणीचा इंटरनेटवरचा पत्ता, काही वेळ बंद करतो, आणि त्या वेळात बरोबर पासवर्डही नाकारतो. ऑफिसातली सगळी यंत्रं एकाच राउटरमागे, म्हणजे बाहेरून बघितलं तर सगळ्यांचा आयपी एकच. चूक फोनची, आणि शिक्षा आम्हा सगळ्यांना. एखादी मुलगी तो फोन घेऊन बँकेत गेली की ईमेल का सुरळीत चालायचे, त्याचा उलगडा तेव्हा झाला. आम्ही तो योगायोग समजत होतो. फोनमधलं खातं काढलं, त्या मुलाने आमचा आयपी मोकळा केला. त्यानंतर आजपर्यंत विंडो आलेली नाही.

नव्याने घेणाऱ्यांसाठी अजून एक. थंडरबर्डमध्ये साठवलेले पासवर्ड कोणालाही उघडून बघता येतात, म्हणून मी 'प्रायमरी पासवर्ड' लावलाय. तो प्रोग्रॅम सुरू करताना विचारला जातो आणि त्याचा ईमेलच्या पासवर्डशी काही संबंध नसतो. आमच्याकडे नव्या मुलीने तिथे ईमेलचा पासवर्ड टाकून पाहिला आणि ती घाबरून गेली होती. पहिल्याच दिवशी हा फरक सांगून ठेवा.

आता कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय: डोमेनचा पत्ता कुठे कुठे जोडलेला आहे त्याची यादी. तीन कॉम्प्युटर, माझा मोबाइल, माझा घरचा टॅब. ओटीपीच्या फोनवर काट मारलीय. गेल्या आठवड्यात पासवर्ड परत बदलला तेव्हा मुलीने तो कागद हातात धरून एकेक नाव वाचलं आणि मी बदलत गेले. टॅब घरी होता, म्हणून तो आधी बंद करायला लावला.