इंजिन काढून मोटर लावताय? रिसीव्हरची वीज आधी ठरवा

माळ्यावर पडलेलं ग्लो इंजिनचं (मिथेनॉलवर चालणाऱ्या छोट्या इंजिनाचं) रिमोटचं ट्रेनर, म्हणजे शिकाऊ विमान खाली काढायचं आणि त्याला मोटर बसवायची, हा बेत मुंबईत बरेच जण करतात. कारणंही इथलीच आहेत. मिथेनॉल आणि नायट्रोमिथेनचं इंधन लोकलमधून नेता येत नाही, रेल्वेत ज्वालाग्राही पदार्थांना बंदीच आहे. वन बीएचकेच्या बाल्कनीत ते साठवणं शहाणपणाचं नाही. आणि इंजिनाचा आवाज सुरू झाला की मैदानाशेजारच्या इमारतींतून कुणीतरी खाली येतंच.

मग चौकशी सुरू होते ती मोटर किती वॅटची आणि बॅटरी किती सेलची, इथून. रिसीव्हर (रिमोटचा संदेश घेणारा डबा) आणि सर्वोंना (विमानाच्या हलत्या पट्ट्या फिरवणाऱ्या छोट्या मोटरींना) वीज कुठून द्यायची, हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो, तोही ईएससीची (मोटरचा वेग ठरवणाऱ्या कंट्रोलरची) तीन पिनांची वायर रिसीव्हरमध्ये खोचताना. मला हा क्रम उलटा वाटतो. हवेत मोटर बंद पडली तर ट्रेनर निमूटपणे तरंगत खाली येतं. रिसीव्हरची वीज गेली तर ते कुठे जाऊन पडेल ते सांगता येत नाही. म्हणून पुढची तुलना मुख्यतः रिसीव्हरच्या विजेची आहे. सेलचा प्रश्न आधी सोडवू, कारण त्याच्यावर हे अवलंबून आहे.

तीन सेल की चार?

ट्रेनरला किलोमागे साधारण २०० वॅट पुरतात. कसरती करायच्या असतील तर थोडे जास्त धरा. २५ आकाराच्या इंजिनाचं (सुमारे ४ सीसी) विमान तयार होऊन दीड किलोच्या आसपास भरतं, म्हणजे ३०० वॅट. ४० आकाराचं (साडेसहा सीसी) विमान सव्वादोन ते अडीच किलोचं, म्हणजे ४५० ते ५०० वॅट.

लिपोचा (लिथियम पॉलिमर बॅटरीचा) एक सेल ३.७ व्होल्टचा मोजतात, पूर्ण भरल्यावर तो ४.२ व्होल्ट दाखवतो. लोड आल्यावर तीन सेलची बॅटरी १०.८ व्होल्टच्या आसपास उतरते आणि चार सेलची १४.४ च्या आसपास. छोट्या विमानाचे ३०० वॅट तीन सेलवर २८ अँपिअरमध्ये निघतात. ४० अँपिअरचा साधा ईएससी बिनतक्रार ते सोसतो. मोठ्या विमानाचे ४८० वॅट तीन सेलवर काढायचे तर ४४ अँपिअर लागतात, चार सेलवर ३३. वायरीत आणि कनेक्टरात होणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, त्यामुळे ४४ आणि ३३ मधला फरक प्रत्यक्षात पावणेदोन पटीच्या वर जातो. मे महिन्यात, बंद नाकाच्या विमानात, हे हाताला लागतं.

थोडक्यात, दीड किलोपर्यंत तीन सेल, दोन किलोच्या वर चार. अधल्यामधल्या वजनाला तुमच्याकडे आधीपासून ज्या बॅटऱ्या आहेत त्या चालवा. मोटर मात्र सेलप्रमाणे निवडा. त्याच आकाराच्या पंख्याला (प्रोपेलरला) तीन सेलवर हजारच्या आसपास केव्हीची (दर व्होल्टला मिनिटाला होणारे फेरे) मोटर लागते, चारवर साडेसातशे-आठशेची. तीन सेलची मोटर आणि तिचा पंखा तसाच ठेवून चौथा सेल जोडला तर करंट इतका चढतो की ईएससी पहिल्याच टेकऑफला जळू शकतो.

वेळेचा अंदाज हवा असेल तर असा: तीन सेल २२०० एमएएच म्हणजे २४ वॅट-तास. त्यातले ८० टक्केच वापरायचे. छोटं विमान सरासरी दीडशे वॅटवर उडवलं तर सात-आठ मिनिटं मिळतात. मोठ्याला चार सेल ३३०० दिली तर दहाच्या आसपास.

पर्याय पहिला: ईएससीतलाच बेक

बहुतेक ईएससीत बेक (बीईसी, म्हणजे रिसीव्हरची वेगळी बॅटरी वाचवणारं सर्किट) असतो. मुख्य बॅटरीतूनच ५ व्होल्ट काढून तो रिसीव्हरला देतो. वेगळं काही विकत घ्यायचं नाही, वजन नाही, स्विच नाही. याच सोयीमुळे लोक पुढचा विचार करत नाहीत.

खरा प्रश्न आहे तो बेक लिनिअर आहे की स्विचिंग, हा. स्विचिंग बेक वीज वेगाने चालू-बंद करून व्होल्ट उतरवतो, म्हणून कमी तापतो. लिनिअर बेक जास्तीचे व्होल्ट निव्वळ उष्णतेत जाळतो. तीन सेलची बॅटरी भरलेली असताना १२.६ व्होल्टमधून ५ काढायचे, म्हणजे दर अँपिअरला ७.६ वॅट जळतात. चार सेलवर १६.८ मधून ५, म्हणजे जवळजवळ १२ वॅट. हीटश्रिंकच्या (तापवल्यावर आवळणाऱ्या) नळीत कोंबलेल्या, बोटाएवढ्या पट्टीवर २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नच्या निम्मी उष्णता. रेग्युलेटर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो, आणि त्याच्याबरोबर रिसीव्हरही. म्हणूनच लिनिअर बेकच्या माहितीपत्रकात तीन सेलवर चार सर्वो आणि चार सेलवर दोनच, असं काहीसं छापलेलं असतं. पाकिटावर मात्र ठळक अक्षरांत ‘५ व्होल्ट ३ अँपिअर’ एवढंच. बारीक अक्षरं वाचा.

ट्रेनरला चार सर्वो धरून चला. थ्रॉटलचा सर्वो आता निघाला, पण दोन्ही एलेरॉनना (पंखांवरच्या हलत्या पट्ट्यांना) बऱ्याचदा एकेक असतो. उडताना सगळे मिळून अर्धा-पाऊण अँपिअर घेतात, वाऱ्याच्या झोतात सगळे एकदम फिरले की क्षणभर दोन-तीन अँपिअरही. तीन सेल आणि लहान सर्वो असतील तर लिनिअर बेक चालतो. स्विचिंग बेक असलेला ईएससी चार सेललाही चालतो. चार सेलवर लिनिअर बेक मी कुणाला सुचवणार नाही, ईएससी फुकट मिळाला तरी.

पर्याय दुसरा: वेगळा यूबेक

हा स्विचिंग रेग्युलेटर असतो आणि मुख्य बॅटरीवरच चालतो, पण ईएससीच्या बाहेर, आपल्या जागी, आपल्या हवेत. वजन दहा-वीस ग्रॅम. इनपुटच्या दोन वायरी ईएससीच्या बॅटरीकडच्या टोकाला सोल्डर करायच्या, आउटपुट रिसीव्हरच्या बॅटरीच्या खाचेत. ईएससीच्या तीन पिनांच्या प्लगमधली लाल वायर टाचणीने उचकटून बाहेर काढायची आणि टेपने गुंडाळून ठेवायची. तसं केलं नाही तर दोन रेग्युलेटर एकमेकांवर वीज ढकलत बसतात. वायर कापू नका, ईएससी पुढे दुसऱ्या विमानात जाईल. बेक नसलेला, म्हणजे ऑप्टो ईएससी असेल तर हे करावं लागत नाही.

यूबेकचे दोन दोष. तो स्विचिंग असल्यामुळे रेडिओत खरखर सोडतो, म्हणून रिसीव्हरच्या अँटेनापासून लांब बसवा आणि आउटपुटच्या वायरीला फेराइट रिंगवर चार-पाच वेढे द्या. दुसरा दोष असा की मुख्य बॅटरीचा कनेक्टर सुटला तर सगळं एकदम गेलं, हे पहिल्या पर्यायासारखंच.

लॅमिंग्टन रोडला यूबेक मागितला की काही दुकानांत एलएम२५९६ चा निळा बक कन्व्हर्टर (व्होल्ट उतरवणारं सर्किट) समोर ठेवतात. स्वस्त असतो, ३ अँपिअरचा म्हणून विकतात. मोह आवरा. त्याचे व्होल्ट एका चिमुकल्या स्क्रूने ठरतात, कंपनाने तो स्क्रू सरकला तर रिसीव्हरला ५ च्या जागी ९ व्होल्टही जाऊ शकतात. शिवाय हीटसिंकशिवाय २ अँपिअरच्या पुढे त्याची दमछाक होते. टेबलावर प्रयोगाला उत्तम, विमानात नको. सिलिकॉन वायर, एक्सटी-६० कनेक्टर, हीटश्रिंक हे मात्र तिथूनच खुशाल घ्या. कनेक्टर घेताना नर आणि मादी तिथेच एकमेकांत बसवून बघा, नकली माल सैल बसतो.

पर्याय तिसरा: रिसीव्हरची स्वतंत्र बॅटरी

ग्लो विमानात ही आधीपासून होतीच: चार निकेल सेलचा ४.८ व्होल्टचा पॅक आणि बाजूला स्विच. जुनी मंडळी म्हणतात, आहे ते राहू द्या. मुद्दा दमदार आहे. मुख्य बॅटरी संपली, सुटली, ईएससी जळला, तरी सर्वो हलत राहतात आणि विमान उतरवता येतं.

पण ‘आहे ते’ म्हणजे नेमकं काय, ते उघडून बघा. जुन्या निकेल कॅडमियम पॅकची काळी वायर आतून गंजत जाते. वरचं प्लास्टिक नवंकोरं, आतली तार काळी आणि ठिसूळ. खारी हवा आणि चार महिन्यांचा पावसाळा इथे काय करतात ते वेगळं सांगायला नको. वायरीच्या टोकाचं इन्सुलेशन सोलून तांबं चकचकीत दिसलं नाही तर पॅक, स्विच आणि मधली वायर, तिन्ही फेकून द्या.

दुसरं, जुन्या मेगाहर्ट्झच्या रिसीव्हरला ४.८ व्होल्ट चालून जायचे. २.४ गिगाहर्ट्झच्या रिसीव्हरमध्ये प्रोसेसर असतो. व्होल्ट क्षणभर जास्त खाली गेले की तो पुन्हा सुरू होतो, आणि लिंक परत जुळेपर्यंतचा वेळ हवेत फार मोठा असतो. म्हणून चारऐवजी पाच सेलचा ६ व्होल्टचा निकेल मेटल हायड्राइड पॅक घ्या, तोही ठेवल्या जागी कमी उतरणाऱ्या सेलचा. दोन सेलचा लायफे पॅक (६.६ व्होल्ट) हलका आणि तगडा असतो, पण जुने सर्वो ६ व्होल्टपर्यंतचेच असतील तर त्यांना तो झेपणार नाही. दोन सेलची लिपो थेट जोडणं म्हणजे ८.४ व्होल्ट, सर्वो गेलेच समजा.

या पर्यायाची किंमत शंभरेक ग्रॅम वजन, वेगळं चार्जिंग आणि एक स्विच. चार्ज करायला विसरणं हीच यातली सगळ्यात मोठी जोखीम आहे. रविवारी पहाटेची लोकल पकडायची म्हणून शनिवारी रात्री मुख्य बॅटरी चार्जरला लागते, छोटा पॅक तसाच राहतो. ज्याला दर वेळी व्होल्ट मोजायची सवय नाही त्याच्यासाठी हा ‘सुरक्षित’ पर्याय तिघांत सगळ्यात धोक्याचा. इथेही ईएससीची लाल वायर काढायचीच.

माझा कल असा: दीड किलोपर्यंतचं, तीन सेलचं, लहान सर्वोंचं विमान असेल तर ईएससीचा बेक, शक्यतो स्विचिंग. चार सेलचं ४० आकाराचं विमान असेल तर वेगळा यूबेक, ५ व्होल्टवर ठेवलेला. स्वतंत्र बॅटरी मी मोठ्या किंवा जड विमानासाठी राखून ठेवेन, किंवा ज्याच्या नाकाचा तोल जागेवर आणायला नाहीतरी शिसं चिकटवावं लागणार आहे अशा विमानासाठी. शिशापेक्षा पॅक बरा.

वायरी कुठे लांबवायच्या

इंजिन आणि सायलेन्सर निघाल्यावर नाक हलकं होतं, म्हणून बॅटरी टाकीच्या जागी, फायरवॉलच्या (मोटर बसते त्या पुढच्या भिंतीच्या) अगदी मागे बसते. हे विजेच्या दृष्टीनेही बरं. काहींना ती पंखाखाली ठेवावी लागते, आणि मग ते बॅटरी आणि ईएससी यांच्यामधल्या वायरी वाढवतात. ते टाळा. ईएससी बॅटरीजवळ ठेवा आणि मोटरकडच्या तीन वायरी लांबवा. बॅटरीकडची वायर लांबली की स्विचिंगमुळे व्होल्टचे झटके बसतात आणि ईएससीचे कपॅसिटर हळूहळू मरतात. नाइलाजच असेल तर वाढवलेल्या दर १० सेंटीमीटरला २२० मायक्रोफॅरडचा लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेला) कपॅसिटर ईएससीच्या तोंडाशी लावा. वायर १४ गेज छोट्याला, १२ गेज मोठ्याला. हवा आत येण्यापेक्षा बाहेर जाण्याचं भोक मोठं ठेवा. तेल प्यायलेल्या फायरवॉलवर गोंद धरत नाही, मोटरचा माउंट आरपार बोल्टनेच कसा.

उडवणार कुठे?

मोटर आवाज करत नाही म्हणून सोसायटीच्या गच्चीवरून उडवता येईल, हा हिशेब सोडून द्या. ड्रोन नियम २०२१ मध्ये छंदाची रिमोट विमानंही येतात. सांताक्रूझ आणि जुहू शहराच्या पोटात आहेत, आता उलव्याचा नवी मुंबई विमानतळही आला, त्यामुळे पनवेल-खारघरकडची मैदानंही नव्याने तपासावी लागतील. सरकारच्या डिजिटल स्काय या ड्रोनच्या संकेतस्थळावरच्या नकाशात जागेचा रंग बघा, तिथे उडवता येतं का ते त्यावरून कळतं. मुंबई पोलीसही ड्रोन आणि रिमोटच्या विमानांवर वेळोवेळी मनाईचे आदेश काढतात. बदलापूर-कर्जतच्या बाजूला जाणारा क्लब शोधणं सोपं पडतं.

निघण्याआधी घरी

पंखा काढून ठेवा. ग्लो इंजिन बोट अडकल्यावर बहुधा बंद पडतं, मोटर मात्र अजून जोर लावते. ट्रान्समीटर आधी सुरू, विमान नंतर. रिसीव्हरच्या मोकळ्या खाचेत व्होल्टमीटर लावा आणि ट्रान्समीटरच्या दोन्ही काठ्या गरागरा फिरवा. ५ व्होल्टचा बेक ४.८ च्या खाली डोकावला तर तो या सर्वोंना पुरत नाही. दहा मिनिटं असंच चालू ठेवून बेकला हात लावा. बोट ठेवता येत नसेल तर पर्याय बदला. मग ट्रान्समीटर बंद करून बघा, मोटर थांबलीच पाहिजे. नाही थांबली तर फेलसेफमध्ये (सिग्नल तुटल्यावर काय करायचं, त्या सेटिंगमध्ये) थ्रॉटल शून्यावर बसवा. पंखा लावून, शेपूट कुणाकडे तरी घट्ट धरायला देऊन, वॉटमीटरवर पूर्ण थ्रॉटलचा करंट वाचायचा तो यानंतर. तो ईएससीच्या आकड्याच्या ८० टक्क्यांवर गेला तर पंखा एक इंचाने लहान घ्या आणि पुन्हा मोजा.