जुन्या नाशकातला वाडा दुरुस्त करून देणारी मंडळी: सुतारकाम चोख, चुन्याला घाई

दहीपुलाकडून सराफ बाजारात उतरताना एका बोळात दोन मजली सागवानी वाडा आहे. मालकांनी वरचा मजला राहायला ठेवला. खालची ओसरी, चौक आणि माजघर गल्लीसाठी मोकळं करायचं ठरवलं: सकाळी ज्येष्ठांची बैठक, दुपारी मुलांचा अभ्यास, संध्याकाळी भजन. सार्वजनिक वाचनालय १८४० पासून चालू असलेल्या गावात आणखी एक वाचनकक्ष कशाला, असं कुणी म्हणेल. पण सत्तरी ओलांडलेल्यांना घरापासून पन्नास पावलांवरची सावलीची जागा लागते. काम दिलं ते जुन्या इमारती दुरुस्त करणाऱ्या एका आर्किटेक्ट-ठेकेदार जोडीला. नाव इथे देत नाही. काय मागितलं, काय मिळालं आणि कुठे बिनसलं, ते लिहितो.

सुरुवात चांगली झाली. चौरस फुटाचा सरसकट दर न सांगता त्यांनी प्रत्येक खांब, तुळई आणि कडीवर खडूने आकडा टाकला, त्याच आकड्यांचा नकाशा काढला आणि आयटमनुसार अंदाजपत्रक दिलं. वाड्याच्या कामात हे फार महत्त्वाचं. चौरस फुटाच्या दरात ठेकेदाराचा फायदा तोडण्यात असतो, वाचवण्यात नाही. महापालिकेची कलम २६४ची धोकादायक इमारतीची नोटीस आली की लोक घाबरून सगळंच उतरवतात. इथे आधी तपासणी झाली. हातोडीने ठोकून आवाज ऐकला, शंका आली तिथे पेचकस खुपसून पाहिला, ओलावामापक लावला. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली असेल तर ते सहसा कुजत नाही. बहुतेक तुळया मधल्या भागात ठणठणीत निघाल्या. कुजली होती ती फक्त भिंतीत शिरलेली टोकं.

ती कुजण्याचं कारण बाहेरच्या अंगाला होतं. कधीतरी भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला होता. विटा, माती आणि चुन्याची भिंत पावसाळ्यात पाणी पिते आणि उन्हाळ्यात सोडते. सिमेंटने ती वाट बंद केली. ओल भिंतीत अडकली, विटांना लोणा (खारट पांढरी पूड) लागला आणि तुळईचं टोक बारा महिने दमट राहिलं.

तुळईची दुरुस्ती हा या कामाचा सगळ्यात देखणा भाग. आधी दोन्ही बाजूंनी टेकू, खाली जॅक आणि भिंतीच्या भेगांवर काचेच्या पट्ट्या चिकटवलेल्या. पट्टी तडकली की भेग हलतेय हे कळतं. तुळई दिवसाला दोन-तीन मिलिमीटरच उचलली. एका दिवसात उचलली असती तर वरच्या माडीचा गिलावा आणि चौकटी दोन्ही हलल्या असत्या. मग कुजलेलं ४० सेंटिमीटर टोक कापून उतरवलेल्या वाड्याचं जुनं सागवान जोडलं. नवं लाकूड सुकताना आकसतं आणि सांधा उघडतो, म्हणून जुना माल. तुळईची उंची २२ सेंटिमीटर, तिरका सांधा ६५ सेंटिमीटर, म्हणजे उंचीच्या जवळपास तिप्पट. तो आधाराजवळ घेतला, कारण तिथे वाक कमी असतो. आत १२ मिलिमीटरचे स्टेनलेस स्टीलचे बोल्ट. साधं लोखंड ओलीत गंजतं आणि भोवतीचं लाकूड काळं पडतं. शेवटी टोक थेट विटांवर न टेकवता दगडाच्या तुकड्यावर बसवलं आणि भोवती २५ मिलिमीटर मोकळी जागा ठेवली. तिथे वारा फिरला की टोक पुन्हा कुजायचं नाही. सुताराने जोड लपवलेला नाही. खाली उभं राहून वर बघितलं की जुना आणि नवा रंग वेगळा दिसतो, आणि दिसलाच पाहिजे.

दुसरा शहाणपणा म्हणजे माडीवरची माती काढणं. कडीपाटावर (कड्या आणि फळ्यांच्या छतावर) गळती थांबवायला पिढ्यानपिढ्या मातीचे थर चढत गेले होते. १५ सेंटिमीटर माती म्हणजे एका चौरस मीटरला साधारण अडीचशे किलो, ओली झाली की आणखी जास्त. नंतर चढवलेले थर उतरवले आणि मूळचा पातळ थर ठेवला. तुळयांचा निम्मा त्रास तिथेच संपला. पुस्तकांची कपाटंही माडीवर न नेता खाली माजघरात, दगडी जोत्यावर ठेवली. पुस्तकांनी भरलेल्या फळीचं वजन मीटरला पंचवीस-तीस किलो सहज होतं, हे हिशोबात धरणारे कमीच.

चौकाचं त्यांनी काय केलं नाही, हे जास्त सांगण्यासारखं. हल्ली चौकावर फायबरचा पत्रा टाकायची टूम आहे. पाऊस आत येत नाही, पण मे महिन्यात घर भट्टी होतं. चौकातून गरम हवा वर जाते म्हणून ओसरीवर वारा खेळतो. वरचं तोंड बंद केलं की तो वारा मेला. या मंडळींनी पत्र्याला साफ नकार दिला. कौलांच्या कडेला पन्हळी लावल्या आणि पाणी खाली मोरीकडे वळवलं. तुळशी वृंदावन जागेवरच आहे. आढ्याखाली फॉल्स सीलिंग नाही, एसी नाही.

ओसरी बोळापासून ६० सेंटिमीटर उंच आहे. व्हीलचेअरला १:१२ चा उतार म्हटला तर ७.२ मीटर लांबी लागते, तेवढा बोळच नाही. म्हणून पुढच्या पायऱ्यांना हातही न लावता मागच्या दारातून वाट काढली. तिथला फरक १५ सेंटिमीटरचा, म्हणजे १.८ मीटरचा लाकडी उतार पुरला. तो उचलून बाजूला ठेवता येतो. पुढच्या पायऱ्यांना एका बाजूला पितळी कठडा आहे. उंबऱ्याला ठेच लागू नये म्हणून पुढच्या कडेवर फिकट रंगाची पट्टी मारली आहे. ओसरीला जाळी लावलेली नाही. रात्री फक्त आतलं दार बंद होतं. याची काहींना धास्ती वाटते, पण बंद ओसरी ही नुसती खोली झाली, तिथे कोण थांबणार?

पुराचाही विचार केलेला आहे. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टात गोदेचं पाणी सराफ बाजारात शिरलं होतं. गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या, म्हणजे आमच्या पुराच्या मोजपट्टीच्या, कुठवर पाणी आलं, हे विचारत आपण सगळेच त्या दिवशी फोन लावत बसतो. त्यामुळे खालच्या मजल्यावरची बटणं आणि सॉकेट सव्वा मीटरच्या वर आहेत, तारा वरून खाली येतात आणि भिंतींवर पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) नाही. पाण्यात पीओपीचा लगदा होतो. चुना भिजला तरी वाळून पुन्हा उभा राहतो. पण तो पुरता घट्ट झालेला असेल तरच.

इथेच घोटाळा झाला. उद्घाटन पाडव्याला धरलं आणि गिलाव्याला हात फाल्गुनात लागला. चुना, वाळू आणि सुरखीचं (विटांच्या पुडीचं) मिश्रण ठीक होतं. कळीचा चुना महिनाभर पाण्यात विझवून ठेवला होता, तोही ठीक. पण १२ मिलिमीटरचा पहिला थर किमान आठवडाभर ओला ठेवायला हवा, मग तो कडक होऊ द्यायचा आणि त्यानंतर दुसरा. दोन थर आणि वरचा तीन मिलिमीटरचा गुळगुळीत हात मिळून पाच-सहा आठवडे जातात. इथे सगळं अकरा दिवसांत उरकलं. वर नाशकातलं फाल्गुनचं कोरडं ऊन, आणि ओली गोणपाटं फक्त पहिले दोन दिवस. आता जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंत जाळीसारख्या बारीक भेगा आहेत. खरवडून फिनॉल्फ्थॅलिनचे (कच्च्या चुन्यावर रंग बदलणाऱ्या रसायनाचे) थेंब टाकले तर दोन-तीन मिलिमीटर खोलीवरच लाल-गुलाबी रंग येतो. म्हणजे आतला चुना अजून कच्चा आहे. हवेतून घट्ट व्हायला त्याला महिन्याला जेमतेम एखादा मिलिमीटर जमतो.

त्याहून वाईट म्हणजे भेगा झाकायला त्याच पट्ट्यावर प्लास्टिक रंग मारला. ज्या कारणाने तुळया कुजल्या, तेच नव्या कपड्यात परत आणलं. या मंडळींना हे कळत नव्हतं असं म्हणवत नाही. मालकांनी तारीख धरली, त्यांनी मान डोलावली. चौकातल्या फरशीच्या दरजाही (दगडांमधल्या फटी) सिमेंटने भरल्या आहेत. उतार ठीक आहे, पाणी मोरीत जातं, पण जे दगडांत मुरायचं ते आता भिंतीच्या पायाशी थबकतं. पहिल्या पावसातच ओलीची रेघ दिसली.

वागणूक चांगली आहे. मिस्त्री वेळेवर येतात आणि फोन उचलतात. बिल अंदाजापेक्षा थोडं वाढलं, पण वाढलेल्या प्रत्येक आयटमचा फोटो आणि माप दिलं. देखभालीचा कागद मात्र दिला नाही, तो मागून घ्यावा: कौलं उन्हाळ्याअखेर तपासायची, पन्हळी पावसाआधी साफ करायच्या, लाकडाला दोन वर्षांनी जवसाचं तेल, वाळवीची पाहणी दरवर्षी.

काम द्यायचं असेल तर लाकूड आणि नकाशासाठी बिनधास्त द्या. चुन्यासाठी करारात तीन गोष्टी लिहून घ्या: गिलावा दिवाळीनंतरच, दोन थरांमध्ये किती दिवस ते आकड्यात, आणि वरून फक्त चुन्याची सफेदी. गिलावा चालू असताना दुसऱ्या दिवशी एक खिळा घेऊन जा. खिळ्याने ओरखडा उठला तर चुना आहे. उठत नसेल आणि रंगही राखाडी असेल, तर गवंड्याने गुपचूप सिमेंट टाकलं. इथल्या गिलाव्यात सिमेंट नव्हतं, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं.

खालचा मीटरभर पट्टा आणि चौकाच्या दरजा स्वखर्चाने पुन्हा करून द्यायचं त्यांनी मान्य केलंय, काम दिवाळीनंतर. प्लास्टिक रंग मात्र आत्ताच खरवडून काढावा, म्हणजे भिंतीला सुकायला मधले महिने मिळतील.