चामड्याची सॅडल: आठ महिने आणि हनोई ते सायगाव

ऑगस्टमध्ये सायकलची ही सॅडल, म्हणजे बसायची सीट, साडेआठ हजाराला घेतली. "आई, एवढ्यात जुनी सायकल येते," असं मुलगा म्हणाला. मला तेव्हा एकच दिसत होतं: फेब्रुवारीत व्हिएतनाम, १९ दिवस, जवळजवळ १,८०० किलोमीटर.

पहिले पाच-सहाशे किलोमीटर ती पाटासारखी कडक होती. सिंहगडाचा पायथा, कात्रज, खंबाटकी, सगळीकडे दात आवळून चालवली. मग बसायची हाडं टेकतात तिथे दोन खळगे पडले आणि त्रास संपला. डिसेंबरात २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) साडेतेरा तासांच्या आत झाली, दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात नीट उभी होते. तेव्हा कुणी विचारलं असतं तर डोळे झाकून पाचपैकी पाच दिले असते.

टूरला आम्ही चौदा जण. सायकली तिकडच्याच, भाड्याच्या. आपापली सॅडल आणि पेडल्स तेवढी न्यायची. क्रँकच्या (पेडल ज्या दांड्याला असतं त्याच्या) बोल्टापासून सॅडलच्या माथ्यापर्यंतचं अंतर टेपने मोजून कागदावर लिहून नेलं होतं. हे प्रत्येकाने करावं, पहिल्याच दिवशी गुडघे वाचतात.

हनोईहून निन्ह बिन्हला निघालो तेव्हा भुरभुर होती. उत्तरेत त्या दिवसांत असतेच, रेनकोट काढावासाही वाटत नाही आणि घालावासाही. व्हिन्हपर्यंत तीन दिवस तशीच. रात्री सॅडलवर हॉटेलातली शॉवर कॅप चढवायची, फुकटात उत्तम कव्हर होतं. एवढ्या महाग वस्तूच्या खोक्यात साधं कव्हर नाही, याचा मला मनापासून राग आला होता.

पाचव्या दिवशी जांघेत आग व्हायला लागली. बोलले नाही. एकाने थांबायचं म्हणजे चौदा जण थांबतात, ऊन चढतं, जेवणाला उशीर होतो. डोंग होईच्या अलीकडे मागून येणारे काका शेजारी आले. "ताई, दहा किलोमीटर झाले, तुम्ही उभ्यानेच मारताय. काय होतंय?" तेव्हा कुठे तोंडातून शब्द फुटला.

ह्वेला पोचल्यावर सॅडल काढून उलटी केली. खालून चामडं काळं, ओलं, चिखलाने भरलेलं. तिथल्या रस्त्याकडच्या कॉफीच्या टपऱ्यांवर पडायच्या झोळ्या टांगतात तशी मधोमध लोंबलेली. कव्हरला उगाच दोष देत होते. भाड्याच्या सायकलीला मडगार्ड नव्हतं, मागच्या चाकाचं पाणी सतत खालून उडत होतं. चामड्याची वरची बाजू मेण लावून तयार केलेली असते, खालची उघडी. ती पाणी पिते, आणि ओल्या चामड्यावर बसलं की ते ताणलं जातं. पुण्यातल्या माझ्या सायकलीला मडगार्ड आहे, म्हणून पाच महिन्यांत हे कळलंच नाही.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, ओल्या चामड्याला वॉरंटी नाही. मग हे खोक्यावर एका ओळीत छापायला काय हरकत होती? सैल चामडं ताणायला सॅडलच्या पुढच्या टोकाला नट असतो, तो फिरवायचा पाना सोबत मिळतो; तो मी वजन वाचवायला घरी ठेवला होता.

दोन रात्री ती खोलीत पंख्याखाली सुकवली. ओली असताना ताणायची नाही, ड्रायरही मारायचा नाही. मग लांग कोला बाहेर टायर टांगलेलं पंक्चरचं दुकान दिसलं. त्या माणसाने स्कूटरचा पाना तिरका घालून नट पाव फेरा फिरवला, मला बसवून बघितलं, पुन्हा पाव फेरा. काकांनी पाच लिटरच्या पाण्याच्या कॅनचा तुकडा कापून मडगार्ड म्हणून झिप टायने सॅडलच्या दांड्यांना खालून बांधून दिला.

तिथूनच हाय व्हानचा घाट सुरू होतो, माथा ४९६ मीटरवर. २००५ मध्ये बोगदा झाल्यापासून बहुतेक ट्रक खालून जातात. सायकलींना बोगद्यात मनाई, त्यामुळे घाट जवळजवळ आपलाच. सगळा घाट मी बसून चढले. वरच्या जुन्या वेशीपाशी खाली समुद्र दिसला आणि मला रडू आलं. होई आनच्या सुट्टीत जखमा सुकल्या. पुढे न्या त्रांगहून दा लातची तीसेक किलोमीटरची चढणही बसूनच झाली.

आज चार तारे. एक कापलाय तो त्या न छापलेल्या ओळीचा. पाना आता सॅडलखाली कायमचा बांधलेला असतो. डावी बाजू उजवीपेक्षा किंचित खाली राहिली आहे, ती तशीच राहणार. जूनच्या आधी मागचं मडगार्ड लांब करून घेतेय.