परीक्षा चांगली, गिऱ्हाईकच नव्हतं: सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगचा पीई पेपर

कोड लिहिणाऱ्याला इंजिनिअर म्हणायचं का, याचा निकाल परीक्षेने लावायचा प्रयत्न अमेरिकेत झाला. टेक्सासने १९९८ पासून सॉफ्टवेअरवाल्यांना इंजिनिअर म्हणून परवाने द्यायला सुरुवात केली. तिथल्या इंजिनिअरांच्या परवाना परीक्षा घेणाऱ्या एनसीईईएस या संस्थेची सॉफ्टवेअरसाठी स्वतंत्र पीई (प्रोफेशनल इंजिनिअर) परीक्षा २०१३ मध्ये आली आणि एप्रिल २०१९ नंतर बंद पडली. पाच वेळा घेऊन एकूण उमेदवार ८१!

पेपरला नावं ठेवता येत नाहीत. आठ तास, ८० बहुपर्यायी प्रश्न, सकाळी ४० आणि दुपारी ४०. पुस्तकं सोबत नेण्याची मुभा. भर नुसत्या कोडिंगवर नाही. रिक्वायरमेंट्स, डिझाइन, टेस्टिंग, मेंटेनन्स, कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट (बदल आणि आवृत्त्यांचा हिशेब), शिवाय सेफ्टी आणि सिक्युरिटी. रोजच्या कामात नेमकं जे उद्यावर ढकललं जातं, तेच.

घोडं अडलं ते आधीच्या पायऱ्यांवर. साधारणपणे आधी एफई, म्हणजे इंजिनिअरिंगच्या मूलतत्त्वांची परीक्षा, मग चारेक वर्षांचा अनुभव. एफईमध्ये सॉफ्टवेअरचा वेगळा पेपरच नाही; जवळचा म्हणजे इलेक्ट्रिकल अँड कॉम्प्युटर, त्यात सर्किट्स आलीच. शिफारस परवानाधारक इंजिनिअरची लागते, आणि सॉफ्टवेअर कंपनीत तो शोधायचा कुठे? वर बहुतेक राज्यांत कंपनीच्या नोकरदारांना परवान्यातून सूट. पगारात फरक नाही, परवानाधारकाच्या सहीला किंमत नाही, मग फी भरणार कोण?

अभ्यासक्रमाला पाचपैकी चार, व्यवस्थेला एक. इन्सुलिन पंप किंवा ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांपुरती ही परीक्षा सक्तीची ठेवली असती, तर कदाचित टिकली असती.