रेडिओ लहरी आणि क्ष-किरण: सख्खी भावंडं, स्वभाव वेगळे

नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या जवळून पाहिल्या की पहिला प्रश्न हाच पडतो: ही तर नुसती जाळी, आरपार आकाश दिसतंय! पण तिथे टिपल्या जाणाऱ्या रेडिओ लहरींची लांबी साधारण २१ सेंटिमीटरपासून दोन मीटरपर्यंत. एक-दोन सेंटिमीटरची भोकं त्यांच्या खिजगणतीतही नाहीत. जाळी त्यांच्यासाठी गुळगुळीत आरसाच.

क्ष-किरणही विद्युतचुंबकीय लहरीच, वेगही तोच, सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर. फक्त लांबी ०.०१ ते १० नॅनोमीटर. म्हणून ऊर्जा प्रचंड: अणूतून इलेक्ट्रॉन उडवतात. रेडिओ लहरींना ते जमत नाही. मांसातून क्ष-किरण बरेचसे पार होतात, हाडातलं कॅल्शियम मात्र त्यांना जास्त शोषतं. साध्या आरशावर सरळ पडले तर परावर्तित होण्याऐवजी आतच घुसतात.

गंमत म्हणजे आकाशातून येणारे क्ष-किरण आपलं वातावरणच अडवतं. त्यामुळे खोडदसारखी दुर्बीण त्यांच्यासाठी जमिनीवर उभारून उपयोग नाही. २०१५ मध्ये इस्रोला ॲस्ट्रोसॅट हा दुर्बिणी वाहणारा उपग्रह अवकाशात धाडावा लागला. त्याच्या क्ष-किरण उपकरणांपैकी एकाचं काम पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतून पाहिलं गेलं.