बडोद्याहून मालवणची पाच दिवसांची टूर, जरूर करा

दिवाळीनंतर आई-बाबांना घेऊन गेलो होतो, बडोद्यातल्याच एका छोट्या टूरवाल्याकडून, कुडाळपर्यंत ट्रेन आणि पुढे गाडी. सिंधुदुर्ग किल्ला बघून बाबांचे डोळेच भरून आले, 1664 ला बांधायला घेतलेला, चारी बाजूंनी समुद्र आणि आत गोड्या पाण्याच्या विहिरी, दूधबाव, दहीबाव, साखरबाव!! महाराजांच्या हातापायाचे ठसे आहेत तिथे आई कितीतरी वेळ नुसती उभी होती. गाईड लोकल मुलगा होता, मालवणीत इतकं मनापासून सांगत होता की निम्मं कळलं नाही तरी ऐकावंसं वाटत होतं. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथली बोट राईड पण मस्त. सावंतवाडीच्या राजवाड्यात हाताने रंगवलेले गोल गंजिफे, म्हणजे खेळायचे पारंपरिक पत्ते, बघितले, दशावतारी गंजिफ्यात 120 पत्ते असतात, मी एक छोटा सेट घेतलाच. जेवण घरगुती, सोलकढी रोज, आमच्या गोड वरणाच्या सवयीला मालवणी मसाला जरा झेपला नाही पण सांगितल्यावर त्यांनी तिखट कमी केलं. एकच तक्रार, रात्रीचा दशावतार, म्हणजे तिथलं लोकनाट्य, प्रोग्रॅममध्ये लिहिला होता आणि दाखवलाच नाही, त्याचं खरंच वाईट वाटलं, बुकिंग करताना ते आधी पक्कं विचारून घ्या.