नाकातला अँजिओफायब्रोमा: दुर्बिणीने काढायचा की उघडून?

वयात येणाऱ्या मुलाचं एकाच बाजूचं नाक कायम चोंदलेलं आणि सारखा घोळणा फुटतोय, म्हटल्यावर डॉक्टरांना अँजिओफायब्रोमाची शंका येते. ही गाठ जवळजवळ फक्त मुलग्यांनाच होते. ती कॅन्सरची नसते, पण रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेली असते. म्हणून ओपीडीत तिचा तुकडा काढून तपासत नाहीत. निदान सीटी आणि एमआरआयवर होतं. उपचार म्हणजे मुख्यतः शस्त्रक्रियाच. ठरवायचं असतं ते कुठून शिरायचं.

दुर्बिणीची शस्त्रक्रिया नाकपुड्यांतूनच होते. चेहऱ्यावर व्रण नाही, रक्त कमी जातं, घरी लवकर सोडतात. गाठ नाक, सायनस आणि लगतच्या पोकळीपुरती असेल तर आज हीच पहिली पसंती, आणि तिथे फार काथ्याकूट करण्यात अर्थ नाही.

उघड्या शस्त्रक्रियेत नाकाच्या कडेने चीर देतात, नाहीतर वरच्या ओठाच्या आतून चीर घेऊन चेहऱ्याचे मऊ भाग वर उचलतात. या दुसऱ्या प्रकारात बाहेर व्रण दिसतच नाही, हे बऱ्याच पालकांना कुणी सांगितलेलं नसतं. सूज मात्र जास्त येते, गाल आणि ओठ काही काळ बधिर राहू शकतात. हाड कापावं लागलं तर चेहऱ्याच्या पुढच्या वाढीचाही विचार करावा लागतो. तरी गाठ गालामागे खोल किंवा कवटीच्या आत पसरली असेल तर काही वेळा उघडून, किंवा दोन्ही पद्धती मिळून करणं जास्त सुरक्षित.

माझ्या मते व्रण हा इथे दुय्यम मुद्दा. गाठ परत आली असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेकदा मागे राहिलेला तुकडाच वाढलेला असतो, विशेषतः स्फेनॉइड हाडात, म्हणजे नाकाच्या मागे कवटीच्या तळाशी असलेल्या हाडात, घुसलेला. तेव्हा सर्जनला थेट विचारा: तिथपर्यंत पोहोचता येईल का, ते हाड ड्रिलने साफ करणार का, अशा किती गाठी तुम्ही काढल्यात?

शस्त्रक्रियेच्या १ ते ३ दिवस आधी बहुधा एम्बोलायझेशन करतात: सहसा जांघेतून बारीक नळी नेऊन गाठीचा रक्तपुरवठा बंद करतात. यात दृष्टीला किंवा मेंदूला इजा होण्याचा धोका क्वचित, पण असतो. पद्धत कुठलीही असो, रक्ताची सोय आधीच हवी.

नंतरचा सगळ्यात त्रासाचा भाग म्हणजे नाकातला पॅक, म्हणजे रक्त थांबवायला नाकात घट्ट भरलेला बोळा. तो असेपर्यंत तोंडाने श्वास, कोरडा घसा, अर्धवट झोप; काढताना थोडं रक्त येतंच. पुढे काही आठवडे खपल्या धरतात, त्या मिठाच्या पाण्याने धुवाव्या लागतात. नाक शिंकरायचं नाही, शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन विचारल्याशिवाय नको. खाली वाकल्यावर नाकातून पाण्यासारखं स्वच्छ काही टपकलं तर सर्दी समजू नका. ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं, त्याच दिवशी दाखवा. आणि पुढची काही वर्षं, नाक कितीही मोकळं वाटलं तरी, ठरलेली तपासणी आणि एमआरआय चुकवायचे नाहीत.